वावर परदेशातलं, कागद कोणाच्या हाती?



दिवाळीआधी वर्धा जिल्ह्यात आपल्या गटांच्या बैठका झाल्या. त्यांतल्या तीन बैठकांत, तीन वेगळ्या गावांत, एकच प्रश्न आला. समुद्रपूर तालुक्यातल्या एका मजूर बाईनं तो सगळ्यांत नेमका विचारला. "ताई, बाहेरदेशात वावरातलं काम भेटते म्हणतात. पण कायद्यानं जाता येते का? अन् बाईले जाता येते का?" नागपूरहून कुणी एक गृहस्थ गावात येऊन गेले होते. थायलंडचे मजूर जसे इस्रायलला शेतीवर जातात तसं तुम्हालाही पाठवतो, असं सांगून माणशी सव्वा लाख मागत होते. निम्मे आधी. व्हिसा कसला, असं विचारल्यावर म्हणाले, आत्ता फिरायला जाण्याचा, तिथं पोचलं की बदलून घेऊ.

या प्रश्नावर आमच्या संपादक मंडळातही दोन तट पडले. एकीचं म्हणणं, आपण असल्या वाटेचं नावच घेऊ नये. फसवणूक ठरलेली, आणि बाईच्या बाबतीत फसवणूक पैशापुरती राहत नाही. दुसरीचं म्हणणं, मुलगा दुबईला निघाला की गावात पेढे वाटतात, बाईनं नुसतं विचारलं तरी सगळ्यांना तिच्या अब्रूची काळजी लागते. मला दोन्ही म्हणणी कळतात. पण त्या बाईनं आपल्याकडे परवानगी मागितलेली नाही, माहिती मागितली आहे. आणि तिच्या प्रश्नात मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो 'कायद्यानं' हा शब्द. या वेळचं संपादकीय त्या शब्दाविषयी आहे.

आधी थायलंडचं. त्या गृहस्थांनी ते नाव उगाच घेतलेलं नाही. थायलंडच्या ईशान्येला ईसान नावाचा प्रदेश आहे. पावसाच्या भरवशावरचा भात, हलकी जमीन, डोक्यावर कर्ज. विदर्भातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागू नये. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलनं पॅलेस्टिनी मजुरांना कामावरून दूर सारायला सुरुवात केली, आणि त्यांच्या जागी शेतीवर थाई मजूर आणले. ऑक्टोबर २०२३ पूर्वी त्यांची संख्या ३० हजारांच्या आसपास होती. सुरुवातीची वीसेक वर्षं हा व्यवहार दलालांच्या हातात होता. तिथं पोचायला एकेका मजुराला सुमारे नऊ हजार डॉलर मोजावे लागत, म्हणजे घर-जमीन गहाण टाकूनच निघायचं. २०१० मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या मदतीनं सरकारी भरती सुरू झाली, आणि हाच खर्च दोन-सव्वादोन हजार डॉलरांवर आला. दलालाला बाजूला केलं की किती फरक पडतो, याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०१५ मध्ये याच मजुरांवर अहवाल काढला. तोवर करार लागू होऊन तीन वर्षं झाली होती. अहवालात काय सापडलं? कायद्यानं ठरलेल्या मजुरीपेक्षा कमी मजुरी, ठरलेल्यापेक्षा जास्त तास, गुरांच्या गोठ्यासारखी राहण्याची जागा, आणि पुरेशा साधनांशिवाय कीटकनाशकांची फवारणी. २००८ ते २०१३ या काळात १२२ थाई मजूर तिथं मेले. त्यांपैकी ४३ जणांच्या मृत्यूचं कारण 'झोपेत अचानक आलेला मृत्यू' असं नोंदवलं गेलं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना माणसं मेली, तेव्हा दोष मजुरांच्याच गाफीलपणाला देणारे आपल्याकडे कमी नव्हते. त्याची आठवण होते. पुढे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात जे मारले गेले त्यांत ३९ थाई होते, आणि तीसेक जणांना ओलीस धरून नेलं. ही माणसं कुणाच्या राजकारणासाठी तिथं गेली नव्हती, टोमॅटो आणि मिरची तोडायला गेली होती. बहुतेकांजवळ रीतसर परवाने होते.

म्हणजे कायद्यानं गेलं तर दलालाचं कर्ज चुकतं, हे खरं. कायद्यानं गेलं म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हे खरं नाही.

आणखी एक. या थाई मजुरांत बहुतेक सगळे पुरुष. ईसानच्या बायका मागे राहिल्या, शेत, म्हातारे सासू-सासरे, मुलं आणि कर्जाचा हप्ता सांभाळत. भात लावण्याचं काम त्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत, तरी परदेशच्या करारात 'शेतमजूर' या शब्दाचा अर्थ आपोआप 'पुरुष' असा झाला. आपल्याकडे 'शेतकरी' या शब्दाचा होतो तसाच.

आता आपल्याकडची दारं पाहू. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतानं इस्रायलशी करार केला, तो बांधकाम मजूर आणि घरी राहून आजारी-म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. २०२४ मध्ये भरतीची दुसरी फेरी महाराष्ट्रात झाली. शेतमजूर या करारात नाहीत. शुश्रूषेच्या कामाला दहावी पास आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. सातवीला शाळा सुटलेली, वीस वर्षं निंदण आणि वेचणी केलेली बाई त्या रांगेत उभीच राहू शकत नाही. जगात तिला जे काम येतं ते अकुशल, आणि जे तिनं घरात फुकट करायचं ते परदेशात कुशल! गंमत अशी की, शुश्रूषेचं हे काम देतानाही ते बाईचं नैसर्गिक काम म्हणूनच दिलं जातं.

शेतीच्या हंगामी कामाचा खरा कायदेशीर रस्ता भारतीयांसाठी आहे तो इटलीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि त्यात हंगामी कामगारांसाठी जागा ठरल्या, २०२३ साठी ३०००, २०२४ साठी ४००० आणि २०२५ साठी ५०००. हंगामी म्हणजे शेती आणि पर्यटन. रोमच्या दक्षिणेला लातीना भागात आधीपासून हजारो पंजाबी मजूर भाजीपाल्याच्या शेतांत राबतात. पण या रस्त्याची किल्ली तिथल्या मालकाकडे असते. आधी त्यानं अर्ज करायचा, मग मजुरानं जायचं, आणि पोचल्यावर पुन्हा त्याच मालकानं करारावर सही करायची. त्यानं सही टाळली, तर खऱ्या व्हिसावर, खऱ्या विमानानं गेलेला माणूस काही महिन्यांत बेकायदेशीर ठरतो. जून २०२४ मध्ये याच लातीनात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. मालकानं त्याला दवाखान्यात नेलं नाही, घराबाहेर आणून टाकलं, तुटलेला हात फळांच्या पेटीत ठेवून. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याजवळ कामाचे कागद नव्हते. कागद नसलेल्या मजुराचा जीव किती स्वस्त, ते साऱ्या इटलीनं पाहिलं.

आता आपला कायदा. १९८३ चा उत्प्रवासन कायदा म्हणतो की, परदेशी कामासाठी माणसं गोळा करणारा कुणीही असो, त्याची सरकारकडे नोंदणी हवी. नोंदलेल्या एजंटानं मजुराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढंच घ्यायचं, पावती देऊन. सव्वा लाखाचा आकडा ऐकला की तिथंच उठावं. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. असा माणूस कामासाठी ठरावीक १८ देशांत जाणार असेल, तर 'उत्प्रवासी संरक्षका'ची मंजुरी लागते. त्या यादीत आखातातले देश आहेत, मलेशिया आहे, आणि खुद्द थायलंडही आहे. इस्रायल आणि इटली नाहीत. तिथं जाताना संरक्षकाची सही लागत नाही, म्हणजे त्याची नजरही नसते.

आणि बाई? शेरा असलेल्या पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला त्या देशांत कामाला जायची मंजुरी मिळत नाही. शिवाय २०१६ पासून घरकामासाठी जाणाऱ्या अशा बायकांची भरती फक्त सरकारनं नेमलेल्या संस्थांनीच करायची आहे. दुसरा नियम मला पटतो, कारण तो दलालाला आवरतो. पहिला पटत नाही, कारण तो बाईला आवरतो. एकोणतीस वर्षांची, दोन लेकरांची, नवऱ्यानं आत्महत्या केलेली बाई सज्ञान नाही असं कायदा म्हणतो, आणि तिच्याच वयाच्या, तिच्याइतकंच शिकलेल्या पुरुषाला हसत जाऊ देतो. बंदी घातली म्हणून गरज थांबत नाही. नेपाळनं बायकांवर आखातातल्या घरकामाची बंदी घातली तेव्हा त्या बायका भारतातून गेल्या, जास्त पैसे मोजून आणि कुठंही नोंद न होता. फिरायच्या व्हिसावर पाठवणाऱ्याचा धंदा अशाच बंदीवर पोसतो.

'उत्प्रवासी संरक्षक' हे पद काही नवं नाही. गिरमिटाच्या काळात कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या बंदरांत याच नावाचा साहेब बसत असे. १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर एकट्या मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात. ते सगळं कायदेशीरच होतं बरं का! करार होता, अंगठा होता, डॉक्टरची तपासणी होती, संरक्षकाची सही होती. 'अ‍ॅग्रीमेंट'चं गिरमिट झालं ते उगाच नाही. फिजी, नाताळ, वेस्ट इंडीजच्या जहाजांवर तर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असल्याच पाहिजेत असा नियम होता. त्या किती हव्यात हे मोजलं गेलं, त्यांना काय हवं हे कुणी विचारलं नाही. फिजीत कुंती नावाच्या मजूर बाईला एकटीला केळीच्या बागेत कामाला लावलं. मुकादमानं हात टाकला तेव्हा तिनं स्वतःला सोडवून घेत नदीत उडी घेतली, आणि वाचली. तिचं पत्र १९१३ मध्ये कलकत्त्याच्या 'भारत मित्र'मध्ये छापून आलं आणि देशभर खळबळ माजली. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. भरती थांबली ती १९१७ मध्ये.

आपण वर्ध्याचे लोक पाहुण्यांना सेवाग्रामला नेतो, बा-कुटी दाखवतो. कस्तुरबा किती साध्या राहत ते सांगतो. पण १९१३ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेत बा तीन महिने सक्तमजुरी भोगायला गेल्या, ती कशासाठी, हे किती जणी सांगतो? हिंदू-मुसलमानांची लग्नं तिथल्या न्यायालयानं बेकायदेशीर ठरवली होती, त्याविरुद्ध. आणि त्याच लढ्यात दुसरी मागणी होती ती गिरमिट संपलेल्या मजुरांवर बसवलेला तीन पौंडांचा कर रद्द करण्याची. हा कर बायकांनाही होता, तेरा वर्षांच्या मुलींनाही होता. न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या मजुरांना संपावर आणण्याचं काम बायकांनी केलं. १९१४ मध्ये कर गेला, लग्नं मान्य झाली. परदेशी गेलेल्या मजुरांचा प्रश्न वर्ध्याला परका वाटायचं काही कारण नाही.

आपल्या कापसाला तर तो कधीच परका नव्हता. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नाव काढून होता. तो वेचणाऱ्या बाईचं नाव मात्र तेव्हाही कुठल्या वहीत नव्हतं. आज आहे का? वेचणीचे पैसे किलोवर, काटा मालकाचा, वही टोळी नेणाऱ्याची. सोयाबीनची सोंगणी ठेक्यानं, ठेका ठरतो पुरुषांत. पहाटे मॅटॅडोरमध्ये कोंबून बायका तालुक्याबाहेर जातात, गाडी उलटली तर त्या कोणाकडे कामाला निघाल्या होत्या याचा पुरावा नसतो. समान कामाला समान मजुरी १९७६ मध्ये कायद्यात आली, पुढे २०१९ च्या वेतन संहितेत गेली; वावरापर्यंत ती अजून चालतेच आहे. मराठवाड्यातल्या ऊसतोडणीत तर 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या हातात, बोलणं मुकादमाशी त्याचं, आणि बाई त्या कोयत्याचा अर्धा भाग. याच बाईचा खाडा होऊ नये म्हणून तिची गर्भपिशवी काढली जाते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली.

मला म्हणायचं आहे ते हेच. आपल्या बाईच्या नावावर इथं काहीच कागद नाही. सात-बारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, हजेरी कुणाच्याच नावावर नाही. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, काही गावांत नवऱ्यांनी जमिनीचे तुकडे बायकांच्या नावे करून दिले, आणि त्या बायका कचेरीत स्वतःचं नाव सांगायला शिकल्या. एवढ्यानंही फरक पडला होता. जिला स्वतःच्या गावात मजुरीचा करार कधी पाहायला मिळाला नाही, तिच्यापुढे परदेशातला बारा पानी इंग्रजी करार ठेवला की ती काय करणार? जिथं बोट दाखवाल तिथं अंगठा देणार. फसवणुकीची सुरुवात विमानतळावर होत नाही, ती इथल्या बांधावर होते.

म्हणून ज्या कुणी विचार करत असतील त्यांना माझं सांगणं, पैसे देण्याच्या आधी पासपोर्ट काढा, स्वतः. नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज जातो, साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. त्यासाठी दलाल लागत नाही. डिसेंबर २०१६ पासून लग्नाचा दाखला मागत नाहीत. आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं, आणि घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव लिहावं लागत नाही. तो आल्यावर कुणाच्याही हाती ठेवायला देऊ नका, नवऱ्याच्या ट्रंकेतही नको. कुणी काम देऊ केलं तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या 'ई-मायग्रेट' यादीत तो पाहा. गावातली कॉलेजात जाणारी मुलगी पाच मिनिटांत पाहून देईल. फिरायच्या व्हिसावर केलेलं काम कोणत्याच देशात कायदेशीर नसतं. करारात मालकाचं नाव, गाव, मजुरी, तास, राहण्याची सोय, आजारपण आणि परतीचं तिकीट लिहिलेलं आहे का, हे मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नको. ईसीआर मंजुरीवर जाणाऱ्यांचा प्रवासी भारतीय विमा काढलेला असावा लागतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, विम्याची रक्कम दहा लाख. तो एजंटानं काढला म्हणाला तर कागद पाहा.

सरकारकडे मागायचं ते वेगळं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयानं १९८३ च्या कायद्याऐवजी आणायच्या नव्या कायद्याचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. किती ग्रामपंचायतींत तो पोचला? वयाची अट बाईपुरती नको. मालक वाईट निघाला तर दुसऱ्याकडे जायची मुभा मजुराला असावी, ती नसेल तर करार कितीही कायदेशीर असो, ते गिरमिटच. ज्या देशाशी शेतीच्या कामाचा करार होईल, त्यात बाई मजुरांच्या जागा स्पष्ट लिहाव्यात, आणि तिच्या वेचणी-निंदणीला काम म्हणून मोजावं. माहिती देणारं माणूस मुंबईत बसून उपयोग नाही, हिंगणघाट आणि आर्वीच्या तहसील कचेरीत आठवड्यातून एक दिवस तरी मराठी बोलणारी बाई बसलेली हवी. आणि या सगळ्याआधी, इथल्या वेचणीच्या हंगामात प्रत्येक टोळीतल्या बायकांनी आपली हजेरी आणि आपलं वजन आपल्या वहीत लिहायला सुरुवात करावी. समुद्रपूर तालुक्यातल्या दोन गटांनी या हंगामापासून तशा वह्या ठेवल्या आहेत. मालक कुरकुरले, पण टोळ्या कमी पडत होत्या, त्यामुळे चाललं.

आपल्या गावातून कुणी बाई परदेशी कामाला गेली असेल, कोणत्याही कामाला, तर आम्हाला कळवा. कोणत्या देशात, कोणामार्फत, किती पैसे देऊन, आणि पत्र किंवा फोन शेवटचा कधी आला. नाव छापणार नाही. एजंटानं दिलेला करार हाती असेल तर त्याची झेरॉक्स पाठवा, आम्ही मराठी करून परत पाठवू. त्या गृहस्थांना ज्यांनी आधीच पैसे दिले असतील त्यांनी पावती असो वा नसो, संकोच न करता लगेच भेटावं. पोलिसांत तक्रार द्यायला आम्ही बरोबर येऊ.